पेट्रोल-डिझेल जमिनीत मुरलंय? सफाईची पद्धत ठरवण्याआधी एवढं हाताशी ठेवा

पहिल्याच भेटीत पद्धतीचं नाव आणि दर सांगणारा ठेकेदार असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. पद्धत ठरते खालच्या जमिनीवरून आणि सांडलेल्या तेलावरून, आणि ही माहिती त्याच्याआधी आपण गोळा करायची असते.

त्याआधी जीव सांभाळा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती विहिरीत पाण्यालगत साचून राहते. विहिरीवरचा स्टार्टर दाबू नका, वीज लांबूनच तोडायला लावा. गाळ काढायला कुणाला आत उतरवू नका. टँकर उलटला की कॅन घेऊन धावणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना हटवा. आसपासच्या विहिरी-बोअरचं पाणी पिणं थांबवा, तहसील आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घ्या.

मग काय सांडलं, किती आणि कधीपासून, हे लिहून काढा. पंपाची भूमिगत टाकी असेल तर रोजच्या डिपच्या (टाकीत पट्टी बुडवून मोजलेल्या पातळीच्या) नोंदी आणि विक्रीचा हिशोब शेजारी ठेवा. गळती तिथंच सापडते. पेट्रोल लवकर उडतं आणि त्यातलं बेंझिन हे विषारी द्रव्य पाण्यात विरघळून दूरवर जातं. डिझेल फारसं उडत नाही, मातीला धरून बसतं. म्हणून जमिनीतली वाफ ओढून घेण्याची पद्धत पेट्रोलला लागू पडते, डिझेलला तितकीशी नाही.

आता खरी गोम. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसाल्ट म्हणजे काळा खडक. काळी माती ओली झाली की फुगून घट्ट होते आणि हवा आत शिरू देत नाही. तीच उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि तेल थेट मुरमात जातं. बेसाल्टमध्ये पाणी सांध्यांतून आणि भेगांतून फिरतं, त्यामुळे जवळची विहीर स्वच्छ आणि लांबची बाधित असं होऊ शकतं. यासाठी महागडं यंत्र आणण्याआधी जुन्या विहिरीच्या भिंती नीट पाहा: मुरूम कुठं संपतो, गेरूचा तांबडा थर कुठं आहे, झरे कोणत्या अंगाला आहेत. बोअरवाल्याला किती फुटांवर पाणी लागलं तेही विचारा. अशा खडकात तेल उडवून लावायला पाण्याखाली हवा सोडली तर ती भेगेतून भलतीकडेच, प्रसंगी कुणाच्या तळघरात वाफ घेऊन निघते. तेलाचं विघटन करणारं रसायन सोडण्याचंही तसंच. शिवाय त्यातलंच एक, परमँगनेट, बेंझिनवर जवळजवळ निरुपयोगी, हे सांगणारा विक्रेता विरळाच.

पाण्याची पातळी मे महिन्यातली आणि पावसाळ्यानंतरची, दोन्ही हव्यात. पातळी खाली-वर होताना तरंगतं तेल मधल्या सगळ्या थराला फासलं जातं. टेपला तेलओळख पेस्ट (तेल लागलं की रंग बदलणारी) लावून तवंगाची जाडी मोजा, पण हुरळू नका: विहिरीत दिसणारा थर जमिनीतल्या थरापेक्षा बहुधा जाड असतो. प्रवाहाची दिशा काढायला किमान तीन विहिरींची पातळी लागते, काठांची उंची मोजून. शेजारचा बोअर दिवसभर चालला तर तेल त्याच्याकडे ओढलं जातं, म्हणून त्याच्या वेळाही टिपा.

नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेतला तर पैसे वाया. प्रयोगशाळेची छोटी काचेची कुपी काठोकाठ भरा, झाकण लावून उलटी करा, टिचकी मारा. एकही बुडबुडा दिसता कामा नये. लगेच बर्फात ठेवा. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, त्यामुळे तेवढं बारीक मोजणारी प्रयोगशाळाच निवडा.

एवढं झालं की निवड सोपी होते. तरंगतं तेल आधी काढायचं, ते सोडून बाकी काही करणं फुकट. उकरलेली डिझेलची माती प्लॅस्टिकवर ढीग करून, हवा, ओल आणि युरिया-डीएपी देऊन जंतूंकडून साफ होते. ढिगात कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण साधारण 100:10:1 ठेवा. काळ्या मातीत भुस्सा मिसळून ती मोकळी करावी लागते. ही माती बांधावर टाकायची नाही. पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून सोडणं संथ, वर्षानुवर्षं चालणारं. पण गावाच्या विहिरीकडे सरकणारं प्रदूषण थोपवायला उपयोगी. निसर्गावर सोडून नुसती तपासणी करायची, तर गळती थांबलेली असावी आणि जवळ पिण्याची विहीर नसावी.

करारात शेवटचा हप्ता पावसाळ्यानंतरच्या नमुन्याला बांधा. उन्हाळ्यातला स्वच्छ अहवाल पातळी वर आली की पुन्हा बिघडतो.