धूसर फोटोतली जपानी विनाशिका ओळखायची कशी

नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा नंबर वाचता आला तर प्रश्नच मिटला. पण जुन्या फोटोत तो हमखास लाटेआड किंवा सावलीत असतो. त्यामुळे मी नंबरच्या नादी लागत नाही, आधी तोफा मोजतो. १९५६ ते १९६० दरम्यान जपानने स्वतः बांधलेल्या विनाशिका एवढ्यावरच ओळखू येतात, कारण सांगाडा जपानी आणि तोफा अमेरिकन असा तो सगळा मामला आहे.

नावावर मात्र विसंबू नका. मी एकदा ‘युकिकाझे’ लिहिलेला फोटो बघून महायुद्धातली विनाशिका समजलो आणि मॉडेलला त्याच काळाचा करडा रंग मारून मोकळा झालो. आठवडाभर पॉलिश पेपर घासत बसलो. युद्धातली युकिकाझे १९४७ साली भरपाईदाखल चीनला गेली. फोटोतली होती १९५६ ची, त्याच नावाची नवी. जुनीच्या तोफांच्या एकेका मनोऱ्यातून दोन-दोन नळ्या बाहेर येतात, नवीच्या एकच. शिवाय नवीच्या पिछाडीला नाव हिरागाना लिपीत असतं.

आता पुढच्या डेकवर बघा. मोठ्या तोफा दोन दिसल्या तर जहाज बहुधा अमेरिकेकडून आलेलं, म्हणजे १९५४ साली मिळालेल्या आसाकाझे-हाताकाझेसारखं. जपानी बांधणीत पुढे एक, मागे दोन. ही युद्धाआधीपासूनची सवय.

मग डेकची रेघ. हारुकाझे आणि युकिकाझेचा डेक पुढे उंच आणि मग पायरी उतरल्यासारखा खाली. १९५८ च्या आयानामीपासून उंच डेक मागेपर्यंत जातो आणि शेवटी उताराने खाली येतो. या उताराला खलाशांनी ‘ओरांदा-झाका’ म्हणजे ‘डच उतार’ नाव ठेवलं, नागासाकीतल्या एका प्रसिद्ध चढाच्या रस्त्यावरून. बाजूने काढलेल्या फोटोत ही खूण सहसा चुकत नाही.

उतार आहे? मग नळ्या बघा. जोडनळीच्या तीन तोफा असतील तर आयानामी वर्ग, ७६ मिलिमीटरच्या. लांब एकेरी नळी असेल तर मुरासामे किंवा आकिझुकी. इथे थोडं गणित. कॅलिबर म्हणजे नळीची लांबी तिच्या तोंडाच्या रुंदीच्या किती पट, तो आकडा. हारुकाझेची तोफ ५ इंची, ३८ कॅलिबरची. म्हणजे नळी ५ गुणिले ३८, १९० इंच, साधारण ४.८ मीटर. मुरासामेची ५४ कॅलिबर म्हणजे २७० इंच, जवळपास ६.९ मीटर. या लांब तोफा मुळात अमेरिकेच्या मिडवे वर्गाच्या विमानवाहू जहाजांवरून उतरवलेल्या. एकास सातशेच्या मॉडेलवर फरक अवघा तीन मिलिमीटर, पण चुकीची नळी लावली की जहाज बोथट दिसतं. मी सुई कापून लावतो. प्लॅस्टिकची नळी हमखास वाकते.

मुरासामे १,८०० टन, आकिझुकी २,३००, पण फोटोत टन दिसत नाहीत. आकिझुकीवर पाणबुडीवर रॉकेट फेकणारं ‘वेपन अल्फा’ असतं. ते आखूड नळीच्या तोफेसारखं दिसतं, त्याला चौथी तोफ समजू नका. आकिझुकी आणि तेरुझुकी या दोघींचा खर्च अमेरिकेने उचलला होता, त्यामुळे त्यांना अमेरिकन नौदलाचे ९६० आणि ९६१ हे क्रमांकही मिळाले.

नावांची एक सोपी किल्ली: ‘काझे’ वारा, ‘नामी’ लाट, ‘सामे’ पाऊस, ‘झुकी’ चंद्र. युदाची तेवढी सामेविना, पण तिचाही अर्थ संध्याकाळची सर, म्हणजे मुरासामेचीच बहीण.

हे सगळं जहाज नवं असतानाच्या फोटोला लागू. १९७० च्या दशकात आकिझुकीवरचं वेपन अल्फा काढून बोफोर्सचं रॉकेट लाँचर बसवलं, तेव्हा तारीख माहीत नसेल तर आधी ती शोधा.