गिटार सोलोला बूस्ट दाबूनही आवाज वाढत नसेल तर

लक्षण: घरी बूस्ट (सोलोपुरता आवाज वाढवणारं पेडल) झकास, पण ड्रम-बेससोबत दाबला की आवाज तेवढाच, फक्त जास्त फाटलेला. पेडल बदलूनही तेच, वैताग नुसता.

दुसरा ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारं पेडल), अँपचा गेन आणि ट्रेबल वाढवणं, काहीच चाललं नाही. कारण प्रीअँप (अँपचा पहिला टप्पा, गेन इथलाच) आधीच क्लिप होत होता, म्हणजे क्षमतेपलीकडे जाऊन सिग्नल कापत होता. त्याच्या आधी बूस्ट लावला की पातळी नाही, डिस्टॉर्शनच वाढतं.

चाललं ते या क्रमाने. आधी अँपचा गेन कमी केला, इतका की जोरात कॉर्ड मारली तरच आवाज जरा फाटावा. अँपच्या इनपुटला ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह: ड्राइव्ह जवळजवळ शून्य, टोन मध्यावर, लेव्हल घड्याळाच्या दोनवर. हा खालचे सूर कापतो आणि 720 हर्ट्झच्या आसपासचे मिड्स (मधले सूर) पुढे आणतो, त्यामुळे गिटार बेस गिटारखाली गाडली जात नाही. मग क्लीन बूस्ट (आवाज न फाडता वाढवणारा) इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँपच्या मधल्या जोडणीत, सेंडमधून पेडलला, पेडलमधून रिटर्नला, साधारण 4 डीबी. लूपला लेव्हलचा स्विच असेल तर −10 (कमी पातळी) वर ठेवा. +4 (जास्त पातळी) वर 9 व्होल्टचं पेडल स्वतःच क्लिप होऊ शकतं. लूपच नसेल तर अँप पूर्ण क्लीन ठेवून बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर लावा. मास्टर (अँपचा शेवटचा व्हॉल्यूम) शेवटपर्यंत फिरवलेला असेल तर मात्र यातलं काहीच उपयोगी नाही, पॉवर अँपमध्येच जागा उरत नाही.

बुधवार पेठेतून पेडलसाठी अडॅप्टर घेताना 9 व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (प्लगच्या मधल्या टोकाला ऋण) सांगा आणि मल्टिमीटर लावून बघा. तिथे सहज मिळणारे बहुतेक सेंटर पॉझिटिव्ह असतात.