जुन्या ॲम्बेसेडरला, पद्मिनीला ऑइल कोणतं?
या जुन्या पुशरॉड (दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) पेट्रोल इंजिनांना २०डब्ल्यू-५० या जाड ग्रेडचं मिनरल ऑइल घाला. कोल्हापूरची थंडी काही गोठवणारी नाही, तेव्हा थंडीतही पातळ राहणारं ०डब्ल्यू-२० घ्यायचं कारणच नाही. इतक्या पातळ ऑइलने ऑइलचं प्रेशर कमी होतं आणि जुन्या सीलमधून गळती वाढते.

ग्रेडइतकंच ऑइलमधलं झिंक (झीज रोखणारं रसायन) बघा, साधारण १००० ते १२०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) टॅपेटवर, म्हणजे पुशरॉड ढकलणाऱ्या तुकड्यावर, घासत फिरतो. झिंक-फॉस्फरसचा थर नसला की कॅमचे उंचवटे (लोब) झिजतात. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपण्यासाठी नव्या गाड्यांच्या ऑइलमध्ये फॉस्फरस, आणि त्याबरोबर झिंकही, कमी ठेवतात. झिंकचा आकडा डब्यावर सहसा नसतो, कंपनीच्या डेटा शीटमध्ये सापडतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेजला गाडी दिलीत तर ऑइल इंजिन गरम असतानाच काढायला सांगा, गाळही निघतो. वर्षानुवर्षं उभी गाडी असेल तर पहिलं ऑइल ५०० किलोमीटरलाच बदला, फिल्टरसकट.