प्लॅन बदलला, स्पीड जुनाच? राउटर बंद-चालू करायला सांगू नका

ब्रॉडबँड ग्राहकाचा प्लॅन बिलिंगमध्ये बदलला तरी चालू सेशनला (सुरू असलेल्या जोडणीला) त्याचा पत्ता नसतो, कारण रेडिअस सर्व्हर (ग्राहकाचे लॉगिन तपासणारा सर्व्हर) स्पीड सांगतो तो लॉगिनच्या वेळी. मग ‘राउटर बंद करून चालू करा’ हा फोन ठरलेला. तो टाळता येतो:

१. रेडिअसच्या अकाउंटिंगच्या (कोण कधी जोडले गेले याच्या) नोंदींतून त्या युजरचा चालू सेशन आयडी काढा.
२. तो आयडी, युजरनेम आणि नव्या स्पीडचा अ‍ॅट्रिब्यूट (स्पीड सांगणारे फील्ड) घालून बीएनजीला (ग्राहकांच्या लाइन जिथे जोडल्या जातात ते उपकरण) सीओए विनंती, म्हणजे चालू सेशन बदलण्याची विनंती, पाठवा. रेडक्लायंट या कमांडने एका ओळीत होते. पोर्ट यूडीपी ३७९९, लॉगिनचा १८१२ नव्हे (इथेच बरेच जण अडकतात).
३. एसीके (होकार) आले की काम झाले, लाइन तुटत नाही. एनएके (नकार) आले तर आधी अ‍ॅट्रिब्यूटचे नाव तपासा. ते प्रत्येक कंपनीच्या उपकरणात वेगळे असते. काहीच उत्तर नसेल तर फायरवॉल अडवतो आहे, शेअर्ड सीक्रेट (दोन्हीकडचा सामायिक पासवर्ड) जुळत नाही, किंवा बीएनजीवर सीओए चालूच केलेले नाही.

उपकरण सीओएने स्पीड बदलतच नसेल तर डिस्कनेक्ट (सेशन तोडण्याची) विनंती पाठवा; राउटर स्वतःहून पुन्हा लॉगिन करतो. मात्र शेकडो ग्राहकांना ती एकदम पाठवू नका. सगळे एकाच वेळी लॉगिनला येतात आणि सर्व्हर गुदमरतो.