केमो चालू असताना आतडी कशी सांभाळाल? अँटीऑक्सिडंटच्या गोळीआधी हे करा

केमोची (कर्करोगावरच्या केमोथेरपीची) औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. आतड्याचं अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं, त्यामुळे तेही तडाख्यात सापडतं. त्यात फ्री रॅडिकल्सची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंची, भर. मग कुणीतरी हमखास सुचवतं, ‘अँटीऑक्सिडंट सुरू करा’, कारण ते फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करतात. अडचण अशी की काही औषधं कर्करोगाच्या पेशी मारायलाही याच फ्री रॅडिकल्सची मदत घेतात. गोळी आतडं आणि गाठ यांत भेद करेलच असं नाही.

१. सगळ्या बाटल्या डॉक्टरांसमोर ठेवा. जीवनसत्त्व सी, ई, सेलेनियम, ग्रीन टीचा अर्क, पावडरी, काढे, सगळं. लेबलवरचं प्रमाण वाचता येईल असे फोटो काढले तरी चालतं. ‘नैसर्गिकच तर आहे’ म्हणून काही लपवू नका: सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पतीच, पण ती इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाचा असर कमी करते.

२. होकार मिळेपर्यंत जादा डोसच्या गोळ्या थांबवा. स्तनाच्या कर्करोगावरच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, केमोच्या आधी आणि केमोदरम्यान अँटीऑक्सिडंट सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तो निरीक्षणात्मक अभ्यास होता, पक्का पुरावा नव्हे; तरी माझ्या मते सावध व्हायला तेवढं पुरे. रक्ततपासणीत खरोखर कमतरता निघाली तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरच गोळी लिहून देतील.

३. अँटीऑक्सिडंट ताटातून घ्या. पोट ठीक असेल तेव्हा रंगीत फळं-भाज्या, स्वच्छ धुऊन. जुलाब लागले की कच्चं, सालीसकट, तिखट, तळलेलं बंद. मऊ शिजवलेलं थोडं थोडं खा.

४. जुलाबाची तयारी पहिल्या सायकलआधीच (केमोच्या पहिल्या फेरीआधीच) करा. खरा फायदा इथे आहे. इरिनोटेकॅनचंच बघा. यकृत त्याचं विषारी रूप निष्प्रभ करून पित्तातून आतड्यात सोडतं, आणि तिथले जिवाणू ते पुन्हा जागं करतात. सलाइन चालू असताना किंवा त्याच दिवशी घाम, पोटात कळ आणि जुलाब सुरू झाले तर लगेच नर्सला सांगा, त्यावर वेगळं इंजेक्शन असतं. काही दिवसांनी लागणाऱ्या जुलाबांवर बहुधा लोपेरामाइड ही जुलाब थांबवणारी गोळी देतात. किती आणि कितीदा घ्यायची, हे आधीच लिहून घ्या. ओआरएस घरात असू द्या. प्रत्येक शौचाची वेळ वहीत टिपा.

५. कधी फोन करायचा? नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागलं, रक्त दिसलं, पाणी पोटात ठरेना, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी. ताप 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरनहाइट) झाला तर रात्र असली तरी ताबडतोब, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना आतड्यातले जंतू रक्तात उतरू शकतात. याच कारणाने प्रोबायोटिकही (जिवंत जिवाणू असलेली पूरकं) विचारल्याशिवाय नको.