स्क्रोल सॉ मशीनवर नावाच्या पाट्या करताय? या चुका टाळा

गणपतीच्या आधी पंधरा दिवस माझ्या पडवीत मोडक्या पाट्या यायला लागतात. कुणाच्या ‘म’ची दांडी तुटलेली, कुणाच्या ॐवरची चंद्रकोर हरवलेली, कुणाची पाटी एका पावसात फुगून पापुद्रे सुटलेली. आणणारे बहुतेक नवशिके. स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेड वरखाली चालवून लाकडातून अक्षरं-नक्षी कापणारं मशीन, घेऊन दोन-तीन महिने झालेले, हात चांगला, हौस भरपूर. चुका मात्र दरवर्षी त्याच. कुडाळजवळच्या गावात बसून 12 वर्षं हे काम करते आहे आणि दरवर्षी तेच तेच सांगते आहे. म्हणून आता एकदा लिहूनच काढते.

कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं, प्रिंट काढली, कापलं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि माझा सगळ्यात जास्त राग हिच्यावरच आहे. कागदावर छापायचं अक्षर आणि लाकडातून कापायचं अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागदावर अनुस्वार हवेत राहू शकतो, लाकडात तो खाली पडतो.

आपल्या लिपीचं एक भाग्य आहे, शिरोरेषा. इंग्रजी नाव कापायचं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं, ते कशाला तरी चिकटवावं लागतं. आपलं नाव दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं एका रेषेला टांगलेलं असतं. त्यामुळे अख्खी पाटी एका तुकड्यात निघते. पण अनुस्वार, ॐवरची चंद्रकोर आणि तिचं टिंब या रेषेला लागलेले नसतात. आणि ‘भ’, ‘ध’, ‘थ’ यांच्या डाव्या डोक्यावर रेषा नसते, म्हणजे तिथे शिरोरेषा तुटते आणि पाटीचे दोन तुकडे होतात.

यावर नवशिक्यांचा उपाय काय, तर पट्टी लावून रेषा सरळ पुढे ओढायची. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलाने मामेबहिणीच्या लग्नासाठी ‘शुभविवाह’ अशी दोन फुटी पाटी केली. काम स्वच्छ होतं, कडा सुरेख घासलेल्या. मला दाखवायच्या आधीच ती मांडवाच्या दारावर लागली. ‘भ’वरून रेषा सरळ गेली होती आणि पाटीवर ‘शुमविवाह’ असं झालं होतं. वऱ्हाडातल्या एका आजोबांनी मोठ्याने वाचलं तेव्हा तो मुलगा पाटी काढून मागीलदारी जाऊन बसला. तीन दिवसांचं काम होतं त्याचं. ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ होतो, हे पहिलीच्या पोराला ठाऊक असतं; मशीनसमोर बसलं की लोक विसरतात.

मी काय करते ते सांगते. ‘भ’च्या डाव्या गाठीचं टोक आधीच्या अक्षराच्या रेषेला अगदी खालच्या अंगाने टेकवते, 4 मिलिमीटरपेक्षा कमी जाडी ठेवत नाही, आणि वर खाच स्पष्ट दिसेल एवढी जागा सोडते. डोळ्याला ‘भ’ दिसतो, हाताला पाटी एकसंध लागते. हे कुठल्याच फॉन्टमध्ये मिळणार नाही. पेन्सिल घेऊन स्वतः काढावं लागतं, तीन-चार वेळा खोडावं लागतं. तेवढा धीर नसेल तर नावाच्या पाट्या करू नका, मासे आणि होड्यांच्या किचेन करा, त्याही सुंदर होतात.

अनुस्वाराचा धडा मला स्वतःला मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत एका घराची ‘चंद्रभागा’ नावाची पाटी केली होती. आईच्या नावाने बांधलेलं घर, मे महिन्यात वास्तुशांत. अक्षरं सागवानाची, मागे रंगवलेली फळी. अनुस्वार वेगळा कापून फळीवर गोंदाच्या एका थेंबाने बसवला होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरमालक स्वतः दारात उभे. “बाय, माझ्या आवशीच्या नावावरचां टिंब खंय गेलां?” एवढंच विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला जे वाटायचं ते वाटलं. आईचं नाव दोन महिने सुद्धा नीट राहिलं नव्हतं.

तेव्हापासून सुटा अनुस्वार मी नुसत्या गोंदावर ठेवत नाही. अनुस्वाराला मागून 2 मिलिमीटरचं भोक, समोर फळीला तेवढंच भोक, मध्ये अगरबत्तीची बांबूची काडी गोंद लावून ठोकायची. काडी फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे. मागे फळी नसेल तर अनुस्वार थेंबाच्या आकाराचा काढायचा आणि निमुळतं टोक शिरोरेषेत उतरवायचं. ॐचंही तसंच: चंद्रकोरीचं एक टोक खाली टेकवा, टिंब कोरीच्या पोटात बसवा.

फॉन्टचा अजून एक त्रास. पुष्कळ फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरायचा, हे शासनाने 2009 साली निर्णय काढून ठरवलेलं आहे. शासनाचं सोडा, ‘लक्ष्मी’ किंवा ‘शांताई’ अशी पाटी कुणी आयुष्यभर दारावर लावणार असेल तर तिच्यावर आपलं अक्षर असावं.

लाकडाची नस न बघता कापणं

शिरोरेषा लाकडाच्या नसेच्या, म्हणजे त्यातल्या लांब धाग्यांच्या, दिशेने ठेवली की ती मजबूत होते, पण सगळ्या दांड्या नसेला आडव्या जातात आणि बोटाने दाबलं तरी तुटतात. भरीव लाकडात ‘स’, ‘म’, ‘त’, ‘प’च्या दांड्या खाली लोंबकळत ठेवायच्या असतील तर त्या रुंद ठेवा, किंवा खालून एक पट्टी देऊन सगळ्या दांड्या तिच्यात उतरवा. बारीक काम हवं असेल तर सरळ प्लाय घ्या, त्यात थर एकमेकांना आडवे असतात.

‘वॉटरप्रूफ आहे’ यावर विश्वास

दुकानात सगळेच प्लाय वॉटरप्रूफ असतात. कमर्शियल प्लाय घरातल्या फोटोफ्रेमला ठीक आहे. गेटवर, ओट्यावर, समुद्राच्या वाऱ्यावर लावायचं असेल तर मरीन प्लाय घ्या, शिक्क्यात आयएस 710 हा आकडा बघा. त्या प्रतीचा प्लाय 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. शिक्का असला तरी मी प्रत्येक नव्या शीटचा टाचेएवढा तुकडा जुन्या टोपात घालून चुलीवर चार तास उकळते, गार झाला की पटाशीने कड उचकटून बघते. थर सुटला तर ती शीट पाटीसाठी नाही.

लेझरने कापलेल्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाच्या, पाट्या बाजारात स्वस्त मिळतात आणि नवशिके त्यांच्याशी बरोबरी करायला जातात. करू नका. एमडीएफ आमच्या हवेत कडेपासून पाणी पितो. एका जूनमध्ये त्याचा पाव होतो.

वादळात पडलेल्या झाडाची घाई

2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आमच्याकडे फणस, आंबे आडवे केले. लोकांनी फळ्या पाडून घेतल्या आणि गणपतीपर्यंत त्याच्या भेटवस्तू करायला बसले. फणसाचं लाकूड फार गुणी आहे, हळदीसारखं पिवळं निघतं आणि उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होत जातं. पण ओलं कापलं की वाकतं. इंचभर जाडीच्या फळीला सावलीत वर्षभर तरी द्यावं लागतं, त्यात आमचे चार महिने पावसाचे. माझा उपाय साधा: फळीचा एक तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर पंधरवड्याला वजन करून पेन्सिलने त्याच्यावरच लिहिते. लागोपाठ तीन वेळा वजन तेच आलं की लाकूड कामाला घेते. माझ्याकडच्या त्या वादळातल्या फणसाची पहिली पाटी 2023 साली झाली.

ब्लेड मोडलं की लाकडाला दोष देणं

ब्लेड डझनाने येतात आणि आमच्याकडे कुरिअरने येतात, म्हणून मोडलेलं प्रत्येक ब्लेड माझ्या मनाला लागतं. एका दिवसात डझन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. कारण एकच, ढकलणं. ब्लेड कापतं, तुम्ही कापत नाही. तुम्ही फक्त लाकूड वळवायचं. वळणावर थांबा, मशीन चालू राहू दे, लाकूड जागच्या जागी फिरवा, मग पुढे.

ताण सैल असेल तरी ब्लेड मोडतं, आणि कापही उभा न येता पोटाकडे फुगतो. बोटाने ब्लेड छेडून बघा. एकतारीसारखा स्वच्छ ‘टण्’ आला पाहिजे, ‘थब’ आला तर अजून आवळा. दात खाली तोंड करून बसवायचे. उलटे बसले तर लाकूड टेबलावर नाचतं आणि नवशिका घाबरून मशीन विकायला काढतो.

‘मी रेषेवर ठेवतो तरी ब्लेड उजवीकडे पळतं’ ही तक्रार दर महिन्याला येते. पळणारच. बहुतेक ब्लेड बनताना दातांच्या एका कडेला धातूची सूक्ष्म धार उठून राहते, ती कड जास्त कापते. लाकूड सरळ न ढकलता तीन-चार अंश तिरकं धरून ढकला, आठवड्याभरात हात आपोआप तसा धरतो. दर वेळी रेषेवर परत यायला बाजूने जोर दिलात तर पुन्हा ब्लेड मोडाल.

6 मिलिमीटरच्या प्लायला 2 किंवा 3 नंबरचं ब्लेड, पाऊण इंच सागवानाला 5 ते 7. एकाच ब्लेडवर सगळं करायचा कंजूषपणा पॉलिश पेपरात वसूल होतो. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा मऊ म्हणून सोपा वाटतो, पण ब्लेड बोथट असेल तर कडेला लव उठते आणि ती घासून जात नाही.

नक्षीच्या कागदाखाली मास्किंग टेप, वर पारदर्शक पॅकिंग टेप. वरच्या टेपने ब्लेड तापत नाही, सागवान करपत नाही.

आतली भोकं आधी, बाहेरची कड शेवटी. ‘म’, ‘स’, ‘व’ यांच्या पोटात ब्लेड ओवायला प्रत्येकी एक भोक लागतं, ‘ब’ला दोन. बाहेरची कड आधी कापलीत तर धरायला काही उरत नाही.

ओढणी खोचा, काचेच्या बांगड्या काढा, मास्क लावा. यावर चर्चा नको.

श्रावणात लॅकर मारणं

ऑर्डर नेमक्या तेव्हाच येतात हे मला ठाऊक आहे. मुंबईहून मंडळी यायची, त्यांना न्यायला भेटवस्तू हव्या. एका वर्षी 40 किचेनना दुपारी चार वाजता एनसी लॅकरचा, म्हणजे थिनरमध्ये पातळ करून मारायच्या चकचकीत पॉलिशचा, हात दिला, बाहेर पाऊस लागलेला. संध्याकाळपर्यंत सगळ्या किचेन ताक ओतल्यासारख्या पांढुरक्या. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि थरात अडकतं. स्पिरिट पॉलिशचंही तसंच होतं. आता मी पावसाळ्यात फक्त सकाळी 11 ते 2च्या दरम्यान, उघाड असेल तरच, पातळ हात देते. उघाड नसेल तर जवसाचं उकळलेलं तेल आणि वर मेण. दोन दिवस जास्त लागतात, गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगते. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. दोरीवर पसरून वाळवा.

खोबरेल लावू नका. प्रत्येक घरात कुणीतरी ते सुचवतं, कारण घरात असतं. खोबरेल कधीच सुकत नाही. त्यावर धूळ बसते, मग बुरशी.

गंज

ब्लेड औषधाच्या रिकाम्या डबीत, सोबत सिलिका जेलची पुडी. मशीनच्या टेबलावर काम संपलं की मेणबत्ती घासून फडक्याने पुसायची, खारी हवा धरत नाही आणि लाकूडही सुळसुळीत सरकतं.

पाटी लावायला लोखंडी स्क्रू अजिबात नको. दोन पावसांत गंजतो आणि गंजाचे ओघळ अक्षरांवरून खाली उतरतात. पितळी किंवा स्टेनलेस घ्या. आणि पाटी भिंतीला घट्ट चिकटवू नका. जांभ्याची भिंत पावसाळाभर ओल धरते, मागून बुरशी चढते. मी प्रत्येक स्क्रूमागे जुन्या स्लिपरच्या रबराची जाड चकती घालते, बोटभर वारा खेळतो. ‘चंद्रभागा’ची दुसरी पाटी अशाच चार चकत्यांवर उभी आहे. मी त्या वाटेने गेले की आधी अनुस्वार बघते.