शॉवरच्या पाण्याचा कमी-जास्त होणारा दाब : माझा अनुभव

आमच्याकडे कोणी फ्लश ओढला, की शॉवरची धार एकदम बारीक होई आणि पाणी अंग पोळण्याइतके गरम येई. लहान मुले आणि वृद्ध असलेल्या घरात ही बाब अंगावर काढण्यासारखी मुळीच नाही.

पंप बसवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण आधी मी १० लिटरची बादली शॉवरखाली ठेवून वेळ मोजली. एरवी ती पावणेदोन मिनिटांत भरे, फ्लशची टाकी भरत असताना मात्र तीन मिनिटांहून अधिक वेळ लागे. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे साधारण १ बार (दाबाचे एकक) दाब मिळतो. आमची पाण्याची मुख्य टाकी शॉवरपेक्षा जेमतेम ३ मीटर उंच, म्हणजे हाती ०.३ बारच, त्यामुळे वाटेतला लहानसा अडथळाही लगेच जाणवतो.

तो अडथळा मुख्य टाकीखालच्या गेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे चाक फिरवून झडप वर-खाली होणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, सापडला. चाक पूर्ण फिरत होते, पण आतली झडप दांड्यापासून सुटून अर्ध्यावर अडकली होती. शॉवर आणि फ्लश यांचे थंड पाणी त्याच पाइपमधून येते, तर गीझरची लाइन वेगळी आहे. म्हणून थंड पाणी तेवढे कमी पडत होते. प्लंबरकडून तिथे पूर्ण भोकाचा (पाइपइतकेच रुंद भोक असलेला) बॉल व्हॉल्व्ह बसवून घेतला, फ्लशचा अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला पाणी देणारी छोटी तोटी, थोडा आवळला आणि क्षार साचलेली शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवली. आता फ्लश चालू असतानाही बादली दीड मिनिटात भरते.